नोटिशीच्या दोन्ही टोकांना

कॉपीराइटची पहिली तक्रार माझ्यावर झाली नाही, ती मी केली होती. पुढे जे घडले ते सांगताना हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो, कारण अन्याय सोसणाऱ्याची गोष्ट सांगायलाही सोपी असते आणि ऐकणाऱ्यालाही रुचते. पण क्रम बदलला तर या अनुभवात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या गोळा करणे, त्या स्वच्छ करून त्यांचे डिजिटल रूपांतर करणे आणि त्यांच्याविषयी लिहिणे हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग आहे. लाखेच्या या तबकड्या मिनिटाला साधारण ७८ फेरे घेतात आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावते. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात एक बारीक आकडा उमटवलेला असतो, त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. ध्वनिमुद्रण केव्हा झाले असावे हे ठरवायचे तर त्या आकड्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. या क्रमांकांवर आणि लेबलांच्या बदलत गेलेल्या नक्षीवर मी अकरा लेखांची एक मालिका लिहिली होती.

एकदा असाच एक क्रमांक शोधत असताना माझीच चूक मला भलत्या ठिकाणी भेटली. मालिकेतल्या एका तक्त्यात माझ्याकडून दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि तीच अदलाबदल, त्याच तक्त्याच्या त्याच ओळीत, एका अनोळखी संकेतस्थळावर दिसत होती. वर सरकून पाहिले तर सबंध लेख माझा होता, लेखक म्हणून नाव दुसऱ्याचे होते आणि दर दोन परिच्छेदांनंतर एक जाहिरात होती. माझ्या लेखांतली काही वाक्ये जशीच्या तशी शोधयंत्रात टाकून पाहिली, तेव्हा अशी १४ पाने निघाली. त्यातल्या एका ठिकाणी तर माझे आभारप्रदर्शनसुद्धा उचलले होते, त्यामुळे कोणी तरी परका माणूस माझ्या दिवंगत मामांचे आभार मानत होता. चाचेगिरीविषयी मी तोवर जी तात्त्विक उदारता बाळगून होते, ती त्या एका ओळीने संपवली.

लेखनाचा स्वामित्वहक्क मिळवण्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही. बर्न कराराने बांधलेल्या सर्व देशांत लिहिले की हक्क निर्माण होतो, हे मला माहीत होते. तो हक्क बजावण्याचा रस्ता मात्र बव्हंशी अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातून, म्हणजे सर्वजण ज्याला नुसते डीएमसीए म्हणतात त्यातून जातो, कारण मोठे मंच आणि शोधयंत्रे बहुतेक अमेरिकी आहेत आणि त्यांनी जगभरासाठी त्याच कायद्याच्या साच्यातले अर्ज ठेवले आहेत. त्यातले कलम ५१२ मंचांना असे अभय देते की, त्यांच्या जागेवर दुसऱ्या कोणी चोरीचा माल ठेवला तर त्याबद्दल नुकसानभरपाईची जबाबदारी त्यांच्यावर येणार नाही. मुख्य अट अशी की, तक्रार मिळताच त्यांनी तो माल तातडीने हटवला पाहिजे. तक्रारीत काय असावे तेही कायद्यानेच ठरवून दिले आहे: मूळ कृती कोणती, चोरी कुठे आहे, तक्रारदाराचा संपर्क, सही, आपण सद्भावनेने तक्रार करत आहोत असे विधान, आणि आपण हक्कदार किंवा त्याचे प्रतिनिधी आहोत असे शपथेवरचे कथन.

शोधयंत्राच्या अर्जात मी हे सर्व भरले, १४ पत्ते एकाखाली एक चिकटवले आणि खालच्या चौकोनांत खुणा केल्या. घड्याळ लावून बसले नव्हते, पण सात-आठ मिनिटांपेक्षा अधिक वेळ गेला नसावा. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की, हे सर्व पत्ते शोधनिकालांतून काढून टाकले आहेत. कोणीही मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी ही गोष्ट मला यंत्रणेच्या कार्यक्षमतेची खूण वाटली, हे आज लिहिताना ओशाळवाणे वाटते, पण वाटली खरी.

त्यानंतर काही महिन्यांनी मी बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या एका रचनेची तबकडी एका ध्वनी-चित्र मंचावर चढवली. १९१३ साली विक्रीला आलेली ती तबकडी मी स्वतःच्या यंत्रावर, जाड टोकाची सुई लावून, सहा वेळा वाजवून मुद्रित केली होती. बाख १७५० साली वारला, त्यामुळे रचनेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असलाच तर ध्वनिमुद्रणाचा होता. अमेरिकेत १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांच्या गुंत्यात अडकून होती. २०१८ साली झालेल्या कायद्याने तो गुंता सोडवला आणि १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली सर्व मुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाली. इतर बहुतेक देशांत तर त्यांची मुदत त्याआधीच संपलेली होती. थोडक्यात, ही तीन मिनिटे कोणाच्याही मालकीची नव्हती आणि म्हणूनच मी ती निर्धास्तपणे चढवली.

चढवल्यावर चहा ठेवायलाही उठले नव्हते तोच पडद्यावर पिवळी पट्टी आली की, या ध्वनिफितीतील मजकूर अन्य हक्कदाराच्या मालकीचा असल्याचे आढळले आहे. आढळले म्हणजे कोणा माणसाला आढळले नव्हते. अशा मंचांवर चढणाऱ्या प्रत्येक ध्वनिफितीचा एक ठसा काढला जातो. आवाजातली कुठली वारंवारता कोणत्या क्षणी उठून दिसते याचा एक नकाशा तयार होतो, त्यातल्या ठळक बिंदूंच्या जोड्यांचे आकडे बनवले जातात आणि ते आकडे हक्कदारांनी आधी दिलेल्या ठशांच्या साठ्याशी ताडून पाहिले जातात. मूळ आवाजावर खरखर असली, मुद्रण निराळ्या यंत्रावर केले असले, तरी ठळक बिंदू बहुधा टिकून राहतात आणि या पद्धतीचे कौशल्य त्यातच आहे. एका संगीत कंपनीने तीच जुनी तबकडी साफसूफ करून एका संग्रहात घातली होती आणि सबंध संग्रहाचा ठसा आपल्या नावावर साठ्यात भरून ठेवला होता. दोन्ही आवाज एकाच वादनाचे आहेत हे यंत्राने अचूक ओळखले होते. ते वादन कोणाचे, किंवा कोणाचेच नाही का, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते आणि आकड्यांच्या जोड्यांतून ते शिकता येण्यासारखेही नाही.

हे माझ्याच वाट्याला आले असेही नव्हते. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरले, तेव्हा ‘नासा’ने स्वतः चढवलेली त्या घटनेची चित्रफीत एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ यूट्यूबवरून गायब झाली होती. २०१८ च्या आरंभी एका संगीत-अभ्यासकाच्या दहा तासांच्या निव्वळ खरखरीच्या ध्वनिफितीवर, ज्यात सूर नाही, ताल नाही, शब्द नाही, पाच दावे लागल्याची बातमी आली होती. ती वाचून मी तेव्हा मनसोक्त हसले होते.

पिवळ्या पट्टीखाली हरकत नोंदवण्याची सोय होती. मी तीत लिहिले की, तबकडीच्या लेबलाची नक्षी १९१० च्या दशकातली आहे, यावरून हे मुद्रण १९२३ पूर्वीचे ठरते. पुरावा म्हणून लेबलाचे छायाचित्र जोडले. शिवाय एक बारकावा सांगितला, ज्याचा मला उगाच अभिमान वाटत होता. माझ्या तबकडीवर कडेपासून थोडे आत, खाचांना आडवा जाणारा एक छोटा ओरखडा आहे आणि त्यावरून सुई जाताना दर फेऱ्याला एकदा टिक्‌ असा आवाज येतो. दुसऱ्या मिनिटाच्या सुरुवातीपासून पुढची साधारण वीस सेकंदे तो मंद घड्याळासारखा, मिनिटाला ७८ या गतीने, ऐकू येतो. कंपनीच्या मुद्रणात तो कुठेही नाही. म्हणजे मी त्यांची ध्वनिफीत उचलली नाही, माझीच तबकडी वाजवली, हे कोणत्याही कानाला कळावे.

पण हरकत ऐकणारा कान कोणाचा, हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते. पिवळी पट्टी ही कायद्यातली तक्रार नसते. ती मंचाने हक्कदारांसाठी केलेली खासगी व्यवस्था असते आणि तिच्यात हरकत जाते ती ज्याने दावा लावला त्याच्याचकडे. तिचा निकालही तोच देतो आणि त्यासाठी त्याला ३० दिवस मिळतात. अठ्ठाविसाव्या दिवशी निकाल आला: दावा कायम. कारण दिलेले नव्हते. मी पुन्हा दाद मागितली, तेव्हा कंपनीपुढे दोनच पर्याय उरले, दावा सोडणे किंवा डीएमसीएखाली रीतसर तक्रार करून ध्वनिफीत हटवणे. तिने दुसरा पर्याय निवडला. ध्वनिफितीच्या जागी करडा चौकोन आला आणि माझ्या खात्यावर एक ‘स्ट्राइक’ नोंदला गेला. असे तीन झाले की खाते बंद आणि त्यावरचे सर्व काही नाहीसे. माझ्या खात्यावर तोवर २६० तबकड्या होत्या.

डीएमसीएत प्रति-सूचनेची, म्हणजे काउंटर नोटिशीची, तरतूद आहे. ती मिळाल्यावर मंच तक्रारदाराला कळवतो आणि तक्रारदाराने न्यायालयात दावा दाखल केला नाही तर कामकाजाच्या किमान १० आणि कमाल १४ दिवसांत हटवलेला मजकूर परत ठेवतो. कागदावर ही व्यवस्था समतोल दिसते. मी तो अर्ज उघडला आणि चार दिवस तसाच उघडा ठेवला.

त्यात मला माझे खरे नाव, राहता पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यायचा होता आणि हे सर्व तक्रारदाराकडे जाणार होते. मजकूर चुकीने हटवला गेला आहे अशी माझी प्रामाणिक खात्री आहे, हे शपथेवर, खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र राहून, सांगायचे होते. आणि तक्रारदाराने दावा लावलाच तर अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मला मान्य असेल, मी अमेरिकेबाहेर राहत असले तरीही, हे लिहून द्यायचे होते. मी ज्या सात-आठ मिनिटांत १४ पाने हटवली, त्या अर्जाशी हा अर्ज मनातल्या मनात ताडून पाहिला, तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला. माझ्या तक्रारीतही शपथेचा शब्द होता, पण बारकाईने वाचले तर ती शपथ एवढ्यापुरतीच असते की, ज्या कृतीसाठी तक्रार आहे तिच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार आहे. समोरच्याने खरेच चोरी केली आहे का, याबाबत तक्रारदाराला फक्त सद्भावना पुरते. उत्तर देणाऱ्याला मात्र नेमक्या याच बाबतीत शपथ घ्यावी लागते.

या सद्भावनेचा अर्थ ठरवायला न्यायालयाला वर्षे लागली. २००७ साली एका आईने आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाची २९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. मागे अस्पष्टसे एक गाजलेले गाणे वाजत होते, एवढ्यावर ती हटवली गेली. आईने उलट खटला भरला. तक्रार करण्यापूर्वी हा वापर कायद्याला मान्य असलेला न्याय्य वापर तर नाही ना, याचा विचार हक्कदाराने केलाच पाहिजे, असे अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सांगितले ते २०१५ साली. आणि तोही विचार प्रामाणिकपणे केला असे हक्कदाराला वाटत असले की पुरे, तो बरोबर ठरलाच पाहिजे असे नाही. मूल तोवर शाळेत जाऊ लागले होते.

वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला मी तो अर्ज दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “अगं, तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीसाठी तुझ्यावर कोणी दावा लावेल असं मला वाटत नाही. पण ‘वाटत नाही’ यावर सही करायची की नाही, हे तुझं तू ठरव.” मग थोडे थांबून तिने विचारले, “लेबलावरून साल ठरतं, हे तुला नक्की ठाऊक आहे ना? शपथेवर लिहितेयस म्हणून विचारते.”

मला नक्की ठाऊक आहे असे मी तिला ठासून सांगितले, पण तो प्रश्न घरभर माझ्यामागे फिरत राहिला.

या काळात मी लुमेन नावाच्या संग्रहात बराच वेळ घालवत होते. हार्वर्ड विद्यापीठात चालवला जाणारा हा संग्रह आधी ‘चिलिंग इफेक्ट्स’ या नावाने ओळखला जाई, २०१५ मध्ये त्याचे नाव बदलले. मजकूर हटवण्याच्या नोटिसा काही मोठ्या कंपन्या आपणहून तिथे पाठवतात आणि कोणी, काय, कशासाठी हटवायला लावले हे कोणालाही पाहता येते. माझ्या तक्रारदाराने आणखी किती जुनी मुद्रणे हटवली आहेत हे मला पाहायचे होते. ते शोधता शोधता भलतेच जग दिसत गेले. एखाद्या माणसाविषयीची नकोशी बातमी नाहीशी करायची असेल तर ती बातमी एका नव्याच संकेतस्थळावर जशीच्या तशी उतरवायची, तिला मागची तारीख द्यायची, आणि मग मूळ वृत्तपत्रानेच आपली नक्कल केल्याची कॉपीराइट-तक्रार करायची, हा डाव तिथल्या नोटिशींत वारंवार दिसतो. इक्वेडोरमध्ये २०१३ च्या सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांवर टीका करणाऱ्या चित्रफिती हटवायलाही हाच अर्ज वापरला गेला, निमित्त असे की, त्यांत सरकारी वाहिनीच्या चित्रणाचे तुकडे होते. सेन्सॉरशिप म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे शिक्का मारणारा अधिकारी यायचा. इथे अधिकारी कुठेच नव्हता. सात मिनिटांचा अर्ज होता आणि समोरच्याला शपथेची भीती होती.

मग, निव्वळ कुतूहलाने, मी शोधाच्या चौकटीत माझे स्वतःचे नाव टाकले.

माझी नोटीस तिथे होती. १४ पत्ते, माझे विधान, माझी सही. अकराव्या पत्त्यापाशी मी अडखळले, कारण तो पाहिल्याचे मला आठवेना. पान शोधनिकालांतून गेले असले तरी मूळ जागी अजून उभे होते, म्हणून उघडून वाचले. ती माझ्या लेखाची चोरी नव्हती. माझ्यासारख्याच कोणा तबकड्या जमवणाऱ्या गृहस्थांनी माझे चार परिच्छेद, माझ्या नावानिशी, अवतरणचिन्हांत देऊन प्रत्येकाखाली मी कुठे चुकले आहे ते दाखवले होते. माझ्या शोधात त्या चार परिच्छेदांची वाक्ये सापडली होती, मी पान न उघडताच पत्ता उचलून यादीत चिकटवला होता. ज्या यंत्राला ‘तेच आहे’ एवढेच कळते म्हणून मी दोन महिने चरफडत होते, त्या यंत्राने निदान सबंध ध्वनिफीत तपासली होती.

आणि त्यांचा मुख्य आक्षेप लेबलांबद्दल होता. एखादी नक्षी १९१० च्या दशकात सुरू झाली म्हणून ती छापलेली तबकडी त्या दशकातलीच, असे मी लिहिले होते. त्यांनी सहा उदाहरणे देऊन दाखवले होते की, कंपन्या जुन्या साच्यांवरून पुढे वर्षानुवर्षे तबकड्या काढत राहत आणि जुन्या लेबलांचा शिल्लक साठाही वापरून टाकत. म्हणून लेबलावरून फार तर ती प्रत केव्हा छापली याचा अंदाज येतो. मुद्रणाचे साल हवे तर मॅट्रिक्स क्रमांक पाहावा आणि प्रसिद्धीचे साल हवे तर कंपनीची त्या वर्षीची छापील सूची. माझ्या हरकतीचा सबंध डोलारा मी ज्या पुराव्यावर उभा केला होता, तो पुरावा त्यांनी वर्षभरापूर्वीच मोडीत काढला होता, आणि ते वाचण्याऐवजी मी ते जगाच्या शोधातून पुसून टाकले होते.

तबकडी पुन्हा दिव्याखाली तिरकी धरून, भिंग लावून, मी तो आकडा वाचला. शेवटचा अंक झिजलेला होता, कागद ठेवून शिसपेन्सिल हलक्या हाताने घासली तेव्हा तो उमटला. क्रमांक १९१२ च्या मुद्रणांच्या ओळीत बसत होता. कंपनीच्या १९१३ च्या सूचीची प्रत एका ग्रंथालयाने डिजिटल रूपात खुली ठेवली आहे, तिच्यात वादकाचे नाव, रचना आणि विक्रीचा क्रमांक एकाच ओळीत सापडले. प्रति-सूचनेत मी लेबलाचा उल्लेखही केला नाही. सूचीचे पान जोडले, क्रमांकाचे छायाचित्र जोडले, पत्ता लिहिला, सही केली आणि पाठवून दिले.

मग वाट पाहणे. वाट पाहण्याच्या दिवसांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. दाराची घंटा वाजली की टपालवाला असेल आणि त्याच्या हातात परदेशी न्यायालयाचा लिफाफा असेल असे वाटे, एवढे सांगितले की पुरे. वाचन मात्र चालू होते. जानेवारी २०१२ मधले ते दोन दिवस मी पुन्हा वाचले. १८ तारखेला, परदेशी चाचेगिरीची संकेतस्थळे अडवू पाहणाऱ्या अमेरिकी विधेयकांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा राहिला आणि ती विधेयके बारगळली. दुसऱ्याच दिवशी, आधीपासून असलेल्या कायद्यांच्या बळावर, मेगाअपलोड हे फायली साठवण्याचे संकेतस्थळ बंद करण्यात आले. त्यावर चोरीचा माल होता याविषयी मला शंका नाही, पण खेळांच्या सामन्यांचे चित्रण करून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या स्वतःच्या चित्रफितीही त्याबरोबर अडकल्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून त्याला न्यायालयात जावे लागले. तेव्हा पहिल्या दिवसाचा विजय सर्वांनी साजरा केला होता, मीही केला होता. दुसऱ्या दिवसाकडे माझे लक्षच गेले नव्हते.

वेळेचा हिशेबही मी तेव्हा मांडला. इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून अशी यंत्रणा चालू आहे की, सामन्यांचे चोरटे थेट प्रक्षेपण करणारा पत्ता हक्कदाराने कळवला की सेवा-पुरवठादारांनी तो ३० मिनिटांच्या आत बंद करावा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने गूगल ड्राइव्हचाच एक पत्ता बंद केला आणि देशभरातल्या लोकांच्या फायली काही तास अडकल्या. फुटबॉलचा सामना दीड तासाचा असतो, तेव्हा घाई का, हे मला समजते. माझे स्वतःचे लेख चोरीला गेले तेव्हा मला तीन दिवसही जास्त वाटले होते. बंद करणे मिनिटांत आणि उघडणे कामकाजाच्या दिवसांत मोजले जाते, याचेही मला वैषम्य वाटते, पण खरे सांगायचे तर माझा राग त्याहून साध्या गोष्टीवर आहे. तक्रार करणाऱ्याने ते पान उघडून वाचले आहे की नाही, हे या सबंध साखळीत कोणीही, कुठेही विचारत नाही. खोटी तक्रार जाणूनबुजून केल्यास नुकसानभरपाईची तरतूद कलम ५१२ मध्येच आहे. न वाचता केलेली तक्रार तिच्यात बसवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण ज्याने वाचलेच नाही त्याने जाणूनबुजून खोटे लिहिले असे कसे म्हणणार? माझ्यावर ती तरतूद लागली नसती. हे मी तपासून पाहिले, आणि कोणाच्या बाजूने तपासत होते तेही मला कळत होते.

कामकाजाच्या तेराव्या दिवशी ध्वनिफीत परत आली. ना पत्र, ना निरोप. करड्या चौकोनाच्या जागी तबकडीचे छायाचित्र दिसू लागले, स्ट्राइकची नोंद गेली आणि टिक्‌-टिक् पूर्वीसारखी दुसऱ्या मिनिटाला सुरू झाली. पुढे तीन आठवड्यांनी त्याच ध्वनिफितीवर दुसऱ्याच एका कंपनीची पिवळी पट्टी आली, बहुधा तोच संग्रह आणखी कोणी तरी आपल्या नावावर भरला असावा. या वेळी सूचीचे पान पहिल्याच हरकतीला जोडले आणि दावा आठवड्यात सुटला.

त्याआधी, ध्वनिफीत परत आली त्याच संध्याकाळी, मी शोधयंत्राकडे अकराव्या पत्त्यापुरती तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. ती मागे घेण्याचा अर्ज शोधायला मूळ अर्ज भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. उरलेल्या तेरा पानांची तक्रार तशीच ठेवली. ती सर्व उघडून पुन्हा वाचली होती आणि ती चोरीचीच होती. पान निकालांत परत दिसू लागल्यावर मी त्या गृहस्थांना सविस्तर पत्र लिहिले: काय केले, कसे झाले, त्यांचा आक्षेप कसा बरोबर होता आणि तो माझ्याच कामी कसा आला. मालिकेतला तो लेख दुरुस्त करून त्यांच्या नावाने श्रेय दिल्याचेही कळवले.

आठवड्याने त्यांचे उत्तर आले. रागाचा शब्द नव्हता. आपले पान शोधातून काढले गेले होते हे त्यांना माझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळले होते. “त्या सुमाराला वाचक एकदम कमी झाले एवढं लक्षात आलं होतं,” त्यांनी लिहिले होते. “मला वाटलं, विषयच कंटाळवाणा असणार. म्हणून पुढचे दोन भाग लिहिले नाहीत.”